म्हसोबाची शाकाहारी बाटली

९ नोव्हेंबर, रविवार

(छापलंय शनिवार. ही डायरी सहा वर्षांपूर्वीची, कोरी राहिलेली. वार खोडून लिहायचा. कागद काय शिळा होत नाही.)

मुलगी दूध पीत नाही!

सिद्धेशच्या ऑफिसातली. अमृता. ठाण्याला राहतात, घोडबंदर रोडला. आज आईवडिलांना घेऊन पहिल्यांदा आली. मी दोन लिटर दूध आटवून बासुंदी केली होती. बेसनाचे लाडू, साजूक तुपातले. तिनं हात जोडले. "काकू, सॉरी हं. मी प्राण्यापासून आलेलं काहीच घेत नाही. दूध, तूप, दही, मध — काहीच नाही."

हे लगेच: "मग आमचा सिद्धेश कसा काय चालला?"

सगळे हसले. तिची आई सगळ्यात जास्त. मी नाही हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन हसले, आणि कोकम सरबत घेऊन आले. ते चाललं.

मी माळकरी घरची. अंड्याला कधी हात लावला नाही. पण ही पोरगी माझ्याही पुढची! गाईला त्रास नको म्हणून दूध सोडलं म्हणते. गळ्यात माळ नाही, कपाळाला टिकली नाही, तरी एवढं सोवळं. मनात म्हटलं, सून यावी तर अशी. सत्यनारायणाला पंचामृत कशाचं करायचं, ते तेवढं विचारायचं राहिलं.

लग्न फेब्रुवारीत करू असं ठरलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

बावीस लाडू उरले. हे मोजून खातायत — म्हणजे मी मोजतेय, हे खातायत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सिद्धेश पोळ्या लाटताना मागे येऊन उभा राहिला. "आई, एक सांगायचंय. नंतर कळण्यापेक्षा आधी."

म्हटलं, झालं, कुठलं तरी आधीचं लग्नबिग्न निघालं.

"अमृता कधीतरी बीअर घेते."

दूध नाही. बीअर!

बाहेरून यांचा आवाज: "जवाची असते गं. शाकाहारीच आहे ती."

यांना कोणी विचारलं होतं? पोळी करपली. ती मीच खाल्ली. सिद्धेशला सांगितलं, उद्या घेऊन ये तिला. तिच्याच तोंडून ऐकते.

१६ नोव्हेंबर, रविवार

आली. मी आडपडदा ठेवला नाही. विचारलं.

तिनं मान खाली घातली नाही. "हो काकू. वर्षातून चार-पाच वेळा. लपवायचं नव्हतं म्हणून मीच सिद्धेशला म्हटलं, सांग." खरं बोलली ते आवडलं. जे बोलली ते नाही आवडलं. मग म्हणाली, "पण तीही मी बघून घेते. सगळी चालत नाही मला."

"म्हणजे?"

"म्हणजे दारू असते धान्याची, फळांची, उसाची. पण वाईन, बीअर सुरुवातीला गढूळ असतात. त्या स्वच्छ दिसाव्यात म्हणून काही कंपन्या माशाच्या पोटातला फुगा वाळवून घालतात. गाळ खाली बसतो. कुठे अंड्याचं पांढरं घालतात. कुठे जिलेटिन, ते हाडा-कातड्याचं. सगळ्या नाही करत. पण बाटलीवर लिहायचं बंधन नाही, त्यामुळे बाहेरून कळत नाही."

माझ्या हातातला ग्लास मी कधी खाली ठेवला, आठवत नाही.

तिला वाटलं मी तिच्यावरच रागावले. "काकू, तुम्हाला नसेल पटत तर…"

म्हटलं, "तुझं नाही गं बाई. माझ्या म्हसोबाचं काय होणार, ते बघतेय."

१७ नोव्हेंबर, सोमवार

नीट लिहून काढते. डोकं शांत होईल.

यांचं गाव खडवलीच्या पुढं. शेताच्या बांधावर म्हसोबा आहे — शेंदूर फासलेला धोंडा. या घराण्याचा राखणदार. दर वर्षी मार्गशीर्षातल्या शेवटच्या रविवारी त्याला मान द्यायचा: एक कोंबडा आणि एक दारूची बाटली. ज्या वर्षी घरात लग्न, त्या वर्षी तर चुकवून चालतच नाही. बायकांनी बांधावर जायचं नाही. हे जातात आणि गावाकडचे माझे दीर, बाबुराव भाऊजी.

सिद्धेश दोन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. ताप उतरेना. ठाण्याच्या इस्पितळात नऊ दिवस. डॉक्टर "बघू" याच्या पुढं बोलत नव्हते. नवव्या दिवशी मी माळ मुठीत धरली आणि बोलले — माझं पोरगं दे. आमच्या घरात मांसमच्छी शिजणार नाही, कुणी खाणार नाही, आणि आमच्या हातून कुठल्याही देवाला जिवाचं काही जाणार नाही.

पहाटे ताप उतरला.

घरी मात्र मोठा तमाशा. मी आले तेव्हा या घरात रविवारी मटण आणि बुधवारी बोंबील. सासरे कडाडले, "कोंबडा बंद? म्हसोबा घर बुडवील!" मी म्हटलं, कोहळा द्या, कुंकू लावून कापा. तीन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. चौथ्या दिवशी सासरे म्हणाले, "कोंबड्याचं ऐकतो. बाटलीचं ऐकायचा नाही. ती धान्याची असते. तुझ्या नवसात बसते." मला पटलं. मॅट्रिकला शास्त्रात बासष्ट मार्क होते मला. पण माशाचा फुगा काही पुस्तकात नव्हता.

(यांचीही पूर्वी शनिवारची बाटली असायची. ती त्याच सुमारास सुटली. ॲसिडिटीमुळं, म्हणाले. मी देवाबरोबर ॲसिडिटीलाही नमस्कार केला.)

बाटली मी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही. हे परस्पर तिकडूनच घेतात.

सव्वीस वर्षं झाली. सव्वीस बाटल्या. भाऊजींच्या मुलाच्या लग्नाला एक जादा. सत्तावीस. आणि त्या सत्तावीसांत जर मासा असला, तर माझा नवस सत्तावीस वेळा मोडला.

आणि पोरगं त्या नवसावर उभं आहे.

डोकं काही शांत झालं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

यांना सांगितलं. यांचा घास तोंडातच.

"कशाला नको ते उकरून काढतेस?"

"कुठली बाटली घेता? नाव सांगा. अमृता नेटवर बघते म्हणाली."

"नाव काय लक्षात राहतंय!"

"सत्तावीस वेळा घेतलीत आणि नाव माहीत नाही?"

"देशी असते. संत्रा."

"म्हणजे संत्र्यांची?"

"संत्र्यांची नाही गं, नुसतं नाव… वास असतो तसा." आणि हात धुऊन गॅलरीत गेले, कुंड्यांना पाणी घालायला. सकाळी घातलेलं होतं!

माणसाला काही म्हणजे काही गांभीर्य नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गणपती मंदिरातल्या गुरुजींना आडून विचारलं — दारू ही वस्तू शास्त्रात कशी धरतात? म्हणाले, "वारुणी देवी समुद्रमंथनातून निघाली."

समुद्रातून! म्हणजे सुरुवातच माशांतून!

नारळ ठेवून घरी आले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज मी दारूच्या दुकानात गेले.

मानपाडा रोडला आहे, पाटीवर मोठ्या अक्षरात 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. म्हटलं सरकारमान्य आहे, म्हणजे माहिती असणार. दुपारी तीनला गेले, गर्दी नसेल म्हणून. चांगली आठ-दहा माणसं! डोक्यावरून पदर घेतला, भाजीची पिशवी पुढं धरली.

गल्ल्यावरचा म्हणाला, "मावशी, बँक पलीकडे."

"बँक नको. संत्रा दाखवा."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"किती देऊ?"

"घ्यायची नाही. बघायची आहे."

त्यानं बाटली पुढं सरकवली. मी चष्मा लावून चारी बाजूंनी फिरवली. "हिरवा ठिपका कुठाय?"

"कसला ठिपका?"

"शाकाहारीचा. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तो."

"दारूला ठिपका नसतो, मावशी. सूट आहे."

"का?"

"ते सरकारला विचारा. मी नुसता विकतो."

म्हटलं, "विकता ना? मग माशाचा फुगा घालतात का यात, एवढं सांगा."

पांढऱ्या टोपीचे एक बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "मावशी, चाळीस वर्षं पितोय. काटा लागला नाही कधी."

दुसरा म्हणाला, "शाकाहारीच असणार. मी हिच्याबरोबर चणेच खातो."

पण तिसरा होता, त्यानं ग्लास खाली ठेवला. तोंड उतरलेलं. "पोपटशेठ, मी शनिवार पाळतो. आज शनिवार आहे. खरं सांगा, मासा आहे का यात?"

"अरे नाही रे बाबा! पी तू!"

"मग मावशी खोटं बोलतात का? माळ आहे त्यांच्या गळ्यात!"

"मी पण शनिवार पाळतो शेठ," आणखी एक.

पोपटशेठनं मला दोन्ही हात जोडले. "मावशी, पाया पडतो. धंद्याची वेळ आहे. घरी जा."

निघाले. पायरी उतरते तर समोर कोण — रतनबाई! आमच्या भजनी मंडळातल्या. माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, माझ्या पिशवीकडे बघितलं.

पिशवीत मेथी होती. पण आता कोण विश्वास ठेवणार?

२४ नोव्हेंबर, सोमवार

ठेवलाच नाही.

भजनाला गेले तर माझ्याशी सगळ्या फार गोड बोलत होत्या. एक म्हणाली, "शांताबाई, मनातलं बोलत जावं हो. मुलाचं लग्न म्हणजे टेन्शन येतंच." दुसरीनं एका व्यसनमुक्तीवाल्या बाईंचा नंबर चिठ्ठीवर लिहून हातात दिला. पेटी मला वाजवू दिली नाही. म्हणे, बोटं थरथरत असतील.

शेवटी रतनबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नवस, म्हसोबा, फुगा, सगळं. त्या आगरी, मोकळ्या स्वभावाच्या. मोठ्यानं हसल्या. "मंग पयलंच सांगाचा ना गो! आमी तुजे नावाचा देवाला दिवा लावाला निंगालो व्हतो." आणि म्हणाल्या, "ते बाटलीचा सोर. माडी दे देवाला. झाराची हाय. आमच्या बाच्या झाराची आनून देतंय."

झाडाची! झाडावरून थेट मडक्यात, कोणी गाळायचं नाही, कंपनी नाही, फुगा नाही. मला हे कसं सुचलं नाही?

२९ नोव्हेंबर, शनिवार

रतनबाईंनी माडी आणली. पांढरी, फेसाळ, वास आंबट. बाटली घरात घेतली नाही, जिन्यातच धरली. खात्री म्हणून पांढऱ्या फडक्यातून गाळली.

तीन मुंगळे. एक माशी. एक काहीतरी पंखवालं, ओळख पटली नाही.

"अगं बाई! हे काय?"

"मरक्यात परतान ते. गालून घेतला का झाला."

"पण मेले ना ते यात!"

"मेलं त्यांचे मरनानं. आपुन कय आवतान दिलता त्यांना?"

अमृताला फोन लावला. ती म्हणाली, "चुकून पडलेलं आम्ही धरत नाही काकू. मुद्दाम घातलेलं धरतो." शहाणी आहे. पण माझा नवस तोंडी झालेला. त्यात चुकून आणि मुद्दाम असे वेगवेगळे रकाने पाडलेले नव्हते.

माडी रतनबाई परत घेऊन गेल्या. टाकली नसणार.

२ डिसेंबर, मंगळवार

अमृतानं त्या संत्रावाल्या कंपनीला मेल पाठवली होती, माझ्या नावानं. आज उत्तर आलं. इंग्रजीत. तिनं फोनवर मराठी करून वाचलं: "प्रिय शांता मॅडम, आमच्या उत्पादनावरील आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. आमचे उत्पादन सर्व नियमांनुसार बनते. कृपया जबाबदारीने प्या."

विचारलं काय, सांगतात काय!

आणि प्रेम?

अमृता हसून हसून बोलूच शकत नव्हती. मग मलाही हसू आलं. पंधरा मिनिटं दोघी हसत होतो. पूर्वी फोनवर इतका वेळ फक्त माहेरच्यांशी बोलायचे.

पण फोन ठेवल्यावर तेच. बारा दिवसांवर मान आलाय. द्यायचं काय? आणि जे दिलं गेलंय त्याचं काय?

४ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. घट मांडला. कहाणी वाचत होते आणि सिद्धेश ऑफिसातून लवकर आला. अंग गरम. शंभर पॉइंट चार.

५ डिसेंबर, शुक्रवार

एकशे दोन. नाही उतरत.

डॉक्टर म्हणतात, "व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे." डॉक्टरांना काय माहीत सत्तावीस बाटल्यांचं!

आजपासून एकवेळ जेवायचं ठरवलं. सत्तावीस दिवस. एका बाटलीला एक दिवस. यांना तेवढंच सांगितलं.

"नवस मोडलेला नाही तुझा," म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत आहे म्हणजे आहे."

"तुम्ही काय माशाला विचारून आलात?"

यांनी स्वतः उठून माझं ताट वाढून आणलं. भात जास्त, आमटी कमी. यांना कधी वाढता आलं नाही. मी ताट झाकून ठेवलं. यांनी झाकण काढलं. मी परत झाकलं. असं तीनदा झालं. सिद्धेश आतून ओरडला, "अरे काय आवाज करताय दोघं! माझं डोकं दुखतंय!"

६ डिसेंबर, शनिवार

एकशे एक. अमृता सकाळपासून इथंच. मीठपाण्याच्या पट्ट्या तीच ठेवते. मी देवासमोर.

७ डिसेंबर, रविवार

उतरला. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. दोनदा लावून बघितलं, मग थर्मामीटर बिघडलाय का म्हणून स्वतःला लावून बघितलं.

अमृता जायला निघाली तेव्हा दाराशी म्हणाली, "काकू, माहीत नसताना झालं ते सोडून द्या ना. मीपण एकोणीस वर्षांची होईपर्यंत सगळं खाल्लंय. चिकन लॉलीपॉपसुद्धा. कळलं तेव्हा सोडलं. मागचं मोजत बसले असते तर वेडी झाले असते."

म्हटलं, "तू स्वतःसाठी सोडलंस. मी शब्द दिला होता. त्याच्या बदल्यात घेतलंही होतं."

तिनं वाकून नमस्कार केला. आजवर केला नव्हता.

एकवेळ जेवण चालू ठेवणार. पोरगं बरं झालं म्हणजे बाकी चुकती झाली असं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

अमृता एक बाटली घेऊन आली! बीअरची, परदेशी. नेटवरच्या यादीतली. लेबलवर छोटं हिरवं पान आणि 'व्हेगन' असं छापलेलं. मी भिंगातून वाचलं. आतल्या वस्तूंची नावं तिनं एकेक करून सांगितली — पाणी, जव, आणखी कसलीशी कडू फुलं, आणि यीस्ट.

"यीस्ट म्हणजे जीव का?"

"बुरशीसारखं काकू. इडलीच्या पिठात आपोआप होतं ना, तसंच काहीतरी."

इडली चालते. चाललं.

किंमत विचारली. सांगितली नाही तिनं. म्हणजे बरीच असणार. माझ्या म्हसोबासाठी, जो तिनं बघितलेला नाही, बघूही शकणार नाही. आणि पोरगी म्हणते काय, "देव तुमचा, नवस तुमचा, पण मेहनत आपण दोघींची आहे ना."

बाटली ठेवायची कुठं हा प्रश्न. फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध. कपाटात पोथ्या. शेवटी माळ्यावर जुना शिटी गेलेला कुकर आहे, त्यात ठेवली आणि झाकण लावलं.

मागचं मागं. निदान यंदापासून तरी शब्द पाळला जाईल. लग्नाच्या वर्षी तरी.

आज बऱ्याच दिवसांनी पेटी वाजवली.

१३ डिसेंबर, शनिवार

हे बाटलीला हात लावत नाहीत!

उद्याची तयारी करत होते. कोहळा, कुंकू, नारळ, उदबत्ती सगळं पिशवीत भरलं. कुकर खाली काढून म्हटलं, बाटली मधोमध ठेवा, फुटायला नको.

"तू ठेव."

"मी कशी ठेवू? माझ्या गळ्यात माळ आहे. कुकरला हात लावला तेच जास्त."

"मग सिद्धेश ठेवेल."

"आणि बांधावर कोण ओतणार? सिद्धेशला अजून अशक्तपणा आहे, तो येणार नाही."

"बाबू ओतेल."

"मान मोठ्या भावाचा! सव्वीस वर्षं तुम्हीच ओतलीत ना? भाऊजींना दोन पावलं मागं उभं करता, तुम्हीच सांगता कौतुकानं. यंदाच काय झालं?"

मग मात्र माझा तोल सुटला. म्हटलं, ती पोरगी परकी असून एवढी धडपडली. मी दारूच्या दुकानात उभी राहिले, गावभर नाव करून घेतलं. नऊ दिवस एकवेळ जेवतेय. आणि तुम्हाला एक बाटली उचलून पिशवीत ठेवता येत नाही? तुम्हाला त्या नवसाचं कधी काही वाटलंच नाही. नवस माझा एकटीचा. पोरगं काय माझं एकटीचं होतं?

हे भिंतीकडे बघत बसले. डोळे भरल्यासारखे वाटले, पण मी लक्ष दिलं नाही. रागात होते.

बाटली अजून कुकरमध्येच आहे.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी आंघोळ करून आले तर हे पलंगावर बसलेले. "बस जरा," म्हणाले.

सत्तावीस बाटल्यांत दारू नव्हतीच. काळा चहा होता. खडवली स्टेशनबाहेरच्या टपरीवर बिनदुधाचा करून घ्यायचे, भंगारातली बाटली धुऊन तीत भरायचे. भाऊजींनाही ठाऊक नाही.

"इस्पितळात तू त्या दिवशी मला औषध आणायला धाडलंस. दुकानाला लागूनच गुत्ता. पाय तिकडं वळला होता. पायरीवर उभा राहून बोललो — पोरगं राहू दे, परत हात लावणार नाही. हात म्हणजे हात. मग विकत तरी कशी घेणार?"

"मला का नाही सांगितलंत?"

"घरात तुझ्याच नवसाची धामधूम चालली होती. त्यात माझा कुठं काढू? आणि म्हसोबाला चहा पाजतो म्हटल्यावर आमच्या म्हाताऱ्यानं मला बांधावरच पुरला असता."

सव्वीस वर्षं मला वाटत होतं, पोरगं माझ्या एकटीच्या शब्दावर उभं आहे.

उठून गॅसवर आधण ठेवलं. सवयीनं दुधाचं पातेलं उचललं आणि परत ठेवलं. साखर किती, विचारलं.

"तीन चमचे," हे म्हणाले. "त्याला गोड लागतो."